कोष्टकांचे संबंध आणि क्रियापदाचे स्थान

‘रिलेशन’ या संज्ञेसाठी मराठीत ‘संबंध’ हा प्रतिशब्द सहज सुचतो, आणि घोटाळ्यास आरंभ तेथूनच होतो. ई. एफ. कॉड यांच्या १९७० च्या निबंधात ‘रिलेशन’ म्हणजे गणितशास्त्रातील संबंध, व्यवहारात एक अखंड कोष्टक. एका कोष्टकाचे दुसऱ्याशी असलेले नाते नव्हे. इतकेच काय, ‘रिलेशनशिप’ हा शब्दही तेथे स्तंभांच्या क्रमाचे बंधन नसलेल्या कोष्टकासाठीच योजिलेला आहे. वस्तूवस्तूंमधील नाते हा अर्थ या क्षेत्रात रूढ झाला तो मुख्यतः पीटर चेन यांच्या १९७६ च्या लेखामुळे. व्यवसाय-अहवालांसाठी कोष्टकांचा आराखडा करणारे दोन्ही परंपरांची परिभाषा एकत्र वापरतात व तिच्यामागील दृष्टिभेद मात्र विसरतात.

हा भेद भाषेच्या अभ्यासकास विशेष उद्बोधक वाटावा. चेन यांनी १९८३ साली इंग्रजी वाक्यरचना आणि आपल्या आकृत्या यांची सांगड घातली: सामान्यनाम ते वस्तुवर्ग, सकर्मक क्रियापद तो संबंध. म्हणजे क्रियापद ही दोन नामांस सांधणारी रेघ ठरली. राल्फ किंबॉल यांनी १९९६ च्या ‘द डेटा वेअरहाउस टूलकिट’ या ग्रंथात पुरस्कारिलेल्या ताराकृती रचनेत ही व्यवस्था जवळजवळ उलटी होते. ‘विक्री’ ही क्रियाच तेथे मध्यवर्ती कोष्टक होते. नग आणि रक्कम ही मापे तिच्या पोटात राहतात, आणि ग्राहक, वस्तू, दुकान, दिनांक ही परिमाणे तिच्याभोवती उभी राहतात. क्रियेभोवती कारकांची मांडणी पाहण्याची सवय असलेल्यास यात परके असे काही नाही. तथापि साम्य फार ताणू नये. कारके सहा आहेत आणि ती अर्थाच्या कसोटीवर ठरतात. परिमाणे किती असावीत हे अहवाल मागणाऱ्याच्या गरजेवर ठरते.

किंबॉल यांचे खरे श्रेय ताऱ्याच्या आकारात नाही. मध्यवर्ती कोष्टकातील एक ओळ म्हणजे नेमकी कोणती घटना, हे प्रथम ठरवा, या आग्रहात ते आहे. एका मागणीपत्रात तीन वस्तू आहेत आणि संपूर्ण मागणीवर १०० रुपये वाहतूकखर्च आहे, असे समजू. मागणीचे कोष्टक वस्तूवार ओळींच्या कोष्टकास जोडून बेरीज घेतली की १०० रुपये तीनदा येतात व अहवालात ३०० छापले जातात. यंत्र कसलीही तक्रार करीत नाही, कारण ‘एकास अनेक’ हा संबंध बिनचूकच असतो. बिघाड नात्यात नसून, मागणी आणि मागणीतील एक ओळ या दोन निरनिराळ्या पातळ्यांवरील विधाने एकच समजण्यात आहे. खर्च ओळींवर वाटून द्यावा, किंवा दोन्ही घटना वेगळ्या ठेवून सामाईक परिमाणांच्या द्वारेच त्यांची भेट घडवावी, हे उपाय सर्वश्रुत आहेत. पुष्कळ आराखड्यांत ते योजिले जातात ते आकडे जुळेनासे झाल्यावर.

‘अनेकास अनेक’ या प्रकरणी मात्र किंबॉल यांचे समाधान अपुरे पडते. ५०,००० रुपये शिल्लक असलेले एक बँकखाते दोघांच्या नावे आहे. प्रत्येक नावासमोर संपूर्ण शिल्लक मांडली तर बेरीज १,००,००० होते. किंबॉल व मार्गी रॉस यांच्या २०१३ च्या तिसऱ्या आवृत्तीत यासाठी सेतुकोष्टक सुचविले असून त्यात प्रत्येक नात्यास भार द्यावा, सर्व भारांची बेरीज एक व्हावी, असे सांगितले आहे. भार न लावता अहवाल काढण्याची वाटही तेथे मोकळी ठेवली आहे, हे नमूद केलेच पाहिजे. परंतु अर्धा-अर्धा हा भार वस्तुस्थिती नव्हे, ती वाटणीची एक सोयीस्कर समजूत आहे. आणि एकदा ती स्तंभात जाऊन बसली की खऱ्या शिलकेपासून तिला वेगळे ओळखण्याचे साधन वाचकापाशी उरत नाही. २५,००० हा आकडा कोणत्याच खातेदाराचा नाही, तरी त्याच्या आधारे ‘लहान ठेवीदार’ म्हणून दोघांचीही गणना होऊ शकते. नावागणिक बेरीज एकूण शिलकेशी जुळत नाही, हे अहवालात उघड लिहिणे अधिक प्रामाणिक ठरले असते.

दिनांकाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. मागणीचा, पाठवणीचा आणि पोहोचल्याचा असे तीन दिनांक एकाच दिनदर्शिका-कोष्टकाकडे बोट दाखवितात. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआयमध्ये दोन कोष्टकांत एका वेळी एकच संबंध सक्रिय राहतो. इतर संबंध सूत्रात ‘यूजरिलेशनशिप’ लिहून जागे करावे लागतात. हे बंधन अनेकांस जाचक वाटते. वस्तुतः ते एक योग्य प्रश्न विचारावयास लावते: ‘मार्चची विक्री’ म्हणताना मागणी मार्चमधली की पाठवणी? किंबॉल एकाच परिमाणास निरनिराळ्या भूमिका देतात, आणि प्रक्रियेचे सर्व टप्पे एका ओळीत साठवीत जाणारे कोष्टकही मान्य करतात. टप्प्यांमधील विलंब मोजावयाचा असेल तेथे ते उपयुक्त आहे. पण मागणी, पाठवणी आणि पोहोच ही तीन क्रियापदे आहेत; एकच मागणी दोन खेपांत रवाना झाली की त्या ओळीतील पाठवणीच्या रकान्यात कोणता दिनांक लिहावा, याचे उत्तर ती ओळ देऊ शकत नाही.