हरायला हरकत नाही

गेममध्ये हरल्याचा राग येत नाही. कशामुळे हरलो, यावर राग ठरतो. पुण्यात बनलेला, 2020 मध्ये आलेला ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ घ्या. त्यातली भित्तिचित्रं, दुर्गा-विष्णूंचं निवेदन यांमुळे मला इथे वर्ध्यात बसूनही तो आपला वाटतो. पण कॅमेरा खेळणाऱ्याच्या हातात नाही. उडी मारताना अंतराचा अंदाज चुकतो आणि राजी खाली कोसळते. राक्षसानं मारलं तर मी पुन्हा लढेन. कॅमेऱ्यानं मारलं तर कुणाशी लढू? त्याहून चीड आणतो तो शेवट. धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघालेल्या बहिणीची गोष्ट ऐन रंगात तुटते. आपला गेम म्हणून हे पोटात घालू नये. आपला आहे, म्हणूनच बोलावं.