रुईवरचा भुंगा आणि माझा चुकलेला शेरा

भाईंदर पश्चिमेला स्टेशनकडून उत्तनच्या दिशेने निघाले की मुर्धा, राई, मोर्वा ही गावे लागतात. मिठागरे, खाडीकाठची तिवरांची झाडी आणि मोकळ्या जागेत वाढलेली रुई नि घाणेरी असा हा परिसर. तिथल्या एका शाळेने विद्यार्थ्यांनी जवळून टिपलेल्या फुलांच्या आणि कीटकांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरवले होते. परीक्षक म्हणून मला बोलावले होते आणि प्रत्येक चित्राखाली दोन ओळींचा शेरा लिहायचा होता.

आठवीतल्या एका मुलीने रुईच्या फुलावरचा काळा भुंगा टिपला होता. मोबाइलला क्लिपने भिंग लावून काढलेले चित्र. भुंग्याचे डोके धूसर, पंख हललेले आणि मागे विजेच्या तारा. मी लिहिले, ‘डोळा अस्पष्ट. पार्श्वभूमी विस्कळीत.’ दोन्ही विधाने खरी होती. थोड्या वेळाने ती मुलगी आली आणि म्हणाली, “सर, पुढच्या वेळी मी डोळाच काढते. पण याच्या पायाला हे पिवळं काय लागलंय?”

मी पुन्हा पाहिले. मागच्या पायाला दोन चपटे पिवळे दाणे जोडीने लटकत होते आणि तेवढाच भाग अगदी रेखीव आला होता. रुईचे पराग सुटी पूड नसतात, त्यांचे मेणचट पुंज असतात. दोन पुंज एका बारीक चिमट्याने जोडलेले असतात. मधासाठी आलेल्या भुंग्याचा पाय फुलाच्या फटीत अडकतो, तो ओढून काढताना चिमटा पायाला बसतो आणि जोडी बाहेर येते. पुढच्या फुलाच्या फटीत त्यातला पुंज अडकला की परागण होते. हे सगळे त्या मुलीने टिपले होते आणि माझ्या शेऱ्याने तिला शिकवले काय, तर पाय सोडून डोळा काढायला!

‘डोळा स्पष्ट हवा’ हा नियम चुकीचा नाही. पण त्यामागचे कारण मुलांना सांगितले नाही तर तो निव्वळ धाक ठरतो. वस्तू जितकी जवळ, तितकी स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची जाडी कमी. मोठ्या कॅमेऱ्यात प्रतिमा वस्तूइतक्याच आकाराची पडत असेल आणि छिद्र एफ-८ असेल, तर ही जाडी जेमतेम १ मिलिमीटर भरते. छिद्र एफ-१६ केले तर सुमारे २ मिलिमीटर. त्याहून बारीक करत गेले तर प्रकाशाच्या विवर्तनामुळे सगळेच चित्र मऊ पडते. मोबाइलचे आकडे वेगळे असले, तरी वरून भिंग लावल्यावर अडचण तीच. सुमारे २ सेंटिमीटर लांबीचा भुंगा तिरका बसला असेल, तर त्याचा डोळा आणि मागचा पाय एकाच वेळी स्पष्ट येणे शक्य नाही. तेव्हा काय स्पष्ट हवे हे चित्र काढणाऱ्याने ठरवायचे आणि ते ठरवणे योग्य होते का, हे टीका करणाऱ्याने पाहायचे.

उलट, मी ज्या चित्राला पहिला क्रमांक दिला, त्यात घाणेरीवर बसलेले नारिंगी फुलपाखरू होते. डोळा स्वच्छ, मागे मऊ हिरवा रंग. खाली नाव, ‘प्लेन टायगर’. मी शेरा लिहिला, ‘छान!’ पण प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी तीन-चार काळे ठिपके असतात. डॅनेड एगफ्लाय या जातीची मादी त्याची हुबेहूब नक्कल करते, मात्र तिच्या मागच्या पंखाच्या वरच्या कडेशी एकच काळा ठिपका असतो. रुईची पाने खाऊन वाढलेल्या प्लेन टायगरच्या अंगात विष असते आणि पक्षी त्याला टाळतात. त्या भीतीचा फायदा ही निर्विष मादी घेते. या चित्रात मागचे पंख पुढच्या पंखांखाली झाकलेले होते. ‘मागचे पंख दिसतील असे आणखी एक चित्र घे, मग नाव पक्के करू,’ असे लिहायला हवे होते. ‘छान’ या शब्दाने त्या मुलाचे कौतुक झाले, शिक्षण झाले नाही.

‘मधमाशी’ असे नाव दिलेल्या तिसऱ्या चित्रात खरे तर फुलमाशी होती. ‘चूक’ एवढेच लिहिले तर मूल गप्प होते. ‘पंख मोज, मिशांची लांबी बघ’ असे लिहिले तर ते स्वतः शोधते. मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात. माशीला एकच जोडी असते आणि मागच्या पंखांच्या जागी तोल सांभाळणारे दोन इवले गोळे. मिशाही आखूड.

शिक्षकांनी एवढे करून पाहावे. प्रथम चित्रात जे दिसते ते शब्दांत सांगावे. शेरा देणाऱ्याने चित्र खरोखर पाहिले आहे, हे मुलाला त्यातून कळते. मग सुधारणा एकच सुचवावी, आणि तीही उद्या करता येईल अशी. ‘दर्जा सुधारावा’ ही सूचना नव्हे, ‘भुंगा सावलीत येईपर्यंत थांब’ ही सूचना. शेवटी एक प्रश्न विचारावा. तारीख, जागा आणि झाडाचे नाव लिहिले आहे का, तेही तपासावे, कारण त्यांच्याविना चित्र शोभेचे उरते. फूल तोडून आणले होते का, कीटक फ्रिजमध्ये ठेवून सुस्त केला होता का, हेही विचारावे. चित्र कितीही सुंदर असले तरी ही गोष्ट नजरेआड करू नये.

त्या मुलीच्या चित्राखालचा शेरा मी त्याच दिवशी बदलला. नवा शेरा असा: ‘भुंग्याच्या मागच्या पायावरची परागपुंजांची जोडी स्पष्ट दिसते. रुईचे पराग कसे प्रवास करतात ते या चित्रातून कळते. पुढच्या वेळी कॅमेरा भुंग्याच्या कुशीला समांतर धरून पाहा, म्हणजे डोके आणि पाय दोन्ही स्पष्ट येण्याची शक्यता वाढेल. हा भुंगा इथून उडून कोणत्या फुलावर बसतो, ते तुला टिपता येईल का?’