लेबल बदललं, दिव्याचं काय?

२८ मार्च १९७९ची पहाट. पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंडच्या दुसऱ्या अणुभट्टीत आणीबाणीच्या पाण्याचे दोन व्हॉल्व्ह बंद राहिले होते. ते दाखवणारे दोन दिवे पॅनेलवर होते. त्यातला एक दुरुस्तीच्या पिवळ्या टॅगखाली झाकलेला. लक्षात यायला आठ मिनिटं गेली. दुसरा दिवा का नजरेतून सुटला हे कुणालाच ठाऊक नाही, असं केमेनी आयोग सरळ कबूल करतो. (बेसिक ही संगणकभाषा घडवणारे ते हेच केमेनी, बरं का.) हा प्रामाणिकपणा आम्हाला आवडतो.

१९८१मध्ये अमेरिकी नियामक आयोगाने नियंत्रण कक्षांसाठी मार्गदर्शिका काढली. लेबल उपकरणाच्या वर असावं, तात्पुरत्या खुणांनाही शिस्त हवी, वगैरे. चांगलंच झालं. पण आमची तक्रार वेगळी आहे. त्या पहाटे जास्त फसवलं ते झाकलेल्या दिव्याने नव्हे. दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा दिवा विझला, म्हणजे तो बंद झाला, असं चालकांनी धरलं. दिवा मात्र बंद होण्याचा आदेश गेला एवढंच सांगत होता! व्हॉल्व्ह दोन तासांहून जास्त उघडाच राहिला. तिथे लेबल कितीही ठळक केलं तरी काय होणार?

डोनाल्ड नॉर्मन यांच्या पुस्तकात एका केंद्राचं उदाहरण आहे. शेजारच्या दोन सारख्या दांड्या ओळखू याव्यात म्हणून चालकांनी त्यांवर बिअरच्या नळांच्या मुठी बसवल्या. आम्ही तपासनीस असतो तर त्या काढायला लावण्याआधी बसवणाऱ्यांना समोर बसवून अख्खं पॅनेल वाचून घेतलं असतं.