सालेम १६९२: बुरशीने झटके येतील, पण नावं कोणी घेतली?

१९७६ साली ‘सायन्स’मध्ये लिंडा कॅपोराएल यांचा एक पेपर आला. विषय होता १६९२ सालचं सालेम. मॅसॅच्युसेट्समधल्या या वस्तीत काही मुलींना झटके येऊ लागले, शेजारपाजारच्या बायकांवर चेटकाचे आरोप झाले आणि शेवटी १९ जणांना फाशी झाली. कॅपोराएल यांचं म्हणणं असं की, राय या धान्यावर अरगट बुरशी पडली असावी. तिच्या विषाने झटके येतात, भास होतात. (बाजरीवरचा अरगट तुम्ही वाचला असेल, त्याच गटातली ही बुरशी.)

पेपर जरूर वाचा. हवामान, दलदलीची जमीन, लक्षणं यांची सांगड छान घातली आहे. मुख्य म्हणजे दावा तपासता येतो. आणि तो लगेच तपासला गेला. त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात स्पॅनोस आणि गॉटलिब यांनी दाखवलं की झटके आणणारी अरगटची विषबाधा सहसा ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडणाऱ्या लोकांत दिसते. सालेमला तर दूध होतं, मासे होते. शिवाय मुलींचे झटके आरोपी समोर आली की सुरू व्हायचे आणि तिचा हात लागला की थांबायचे. विष असं माणूस बघून चढत-उतरत नाही.

माझा आक्षेप याच्या पुढचा आहे. समजा, बुरशी होती. तरी तिने फक्त झटके समजतात, आरोप समजत नाहीत. २९ फेब्रुवारीची पहिली तक्रार मुलींनी नाही, चार मोठ्या पुरुषांनी केली. कोणावर? दारोदार मागून खाणारी सारा गुड, जमिनीच्या वादात सापडलेली सारा ऑस्बर्न आणि गुलाम टिट्यूबा. म्हणजे संशय कुठे जाणार, हे गावात आधीच ठरल्यासारखं होतं. त्यात ‘हिची छाया मला छळते’ हा पुरावा कोर्टाने मान्य केला. १६९३ मध्ये नव्या कोर्टाने तो बाजूला ठेवला, तेव्हा बहुतेक आरोपी सुटले. रोगाची साथ अशी नियम बदलून थांबते का?

भीती कुठून आली, ती कोणावर वळली आणि तिला बळ कोणी दिलं, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर तिन्हींना चिकटवलं की शेजारी आपोआप निर्दोष ठरतात. तुमच्या प्रस्तावातही ‘कारण’ हा शब्द आला की आधी विचारा: नेमकं कशाचं?