दोरी कोणी कापली? 'द मिशन'मधलं पाप आणि क्षमा

'चित्रपटातील ख्रिस्ती पाप-मुक्तीची संकल्पना' असा विषय घेऊन आराखडा लिहायला बसलात की पहिला मोह होतो तो क्रूस शोधण्याचा. नायकाने हात पसरले की ख्रिस्त, पाणी दिसलं की बाप्तिस्मा. अशाने पानं भराभर भरतात, हाती काही लागत नाही. त्यापेक्षा एकच प्रसंग घ्या आणि विचारा: इथे क्षमा कोण करतंय, आणि कशाबद्दल?

रोलंड जोफेचा 'द मिशन' (१९८६) बघा. अठराव्या शतकातली दक्षिण अमेरिका. ग्वारानी लोकांना पकडून गुलाम म्हणून विकणारा मेंडोझा (रॉबर्ट डी नीरो) द्वंद्वात भावाला मारतो. कायदा त्याला हात लावत नाही. तोच स्वतःला कोंडून घेतो. फादर गॅब्रिएल त्याला बाहेर काढतात. मग चिलखत, तलवारी जाळ्यात बांधून ते ओझं दोरीने ओढत तो धबधब्याचा कडा चढतो. वाटेत एका पाद्र्याला दया येते, तो दोरी कापून टाकतो. मेंडोझा मुकाट खाली उतरतो आणि ती पुन्हा बांधतो. वर पोचल्यावर एक ग्वारानी सुरी घेऊन येतो, आधी त्याच्या गळ्याला लावतो, मग दोरी कापून ओझं नदीत ढकलतो. आता मात्र मेंडोझा ढसाढसा रडतो.

इथे आपला 'प्रायश्चित्त' हा शब्द जरा जपून वापरा. धर्मशास्त्रातलं प्रायश्चित्त म्हणजे ठरवून दिलेलं कर्म. ते पुरं केलं की दोष फिटतो. ख्रिस्ती विचारात कितीही कष्ट उपसले तरी क्षमा दुसऱ्याकडून मिळावी लागते. कॅथलिक रीतीत पापक्षमेचे शब्द धर्मगुरू उच्चारतो. चित्रपट तो अधिकार उचलून ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या हातात देतो. (पाद्र्याची ती नुसती दया होती, संस्कार नव्हे, हे खरं. पण फरक दिसायचा तो दिसतोच.)

माझी तक्रार पुढे आहे. मेंडोझा खचला तो भावाच्या खुनाने, आणि क्षमा करतात ते ग्वारानी. म्हणजे टोचणी एका पापाची, माफी दुसऱ्याच. विकलेल्या माणसांचं काय झालं, हे पटकथा विचारत नाही. सुरी धरणाऱ्याचं नावही आपल्याला कळत नाही. गोऱ्या नायकाला मोकळं केलं की त्याचं काम संपतं.

तरी हा चित्रपट सोडू नका. कारण पुढे एक मुलगा पाण्यातून तलवार काढून मेंडोझाला आणून देतो. ग्वारानींसाठी लढायला तो ती पुन्हा उचलतो आणि गॅब्रिएलकडे आशीर्वाद मागतो. ते नाकारतात, पण गळ्यातला क्रूस त्याला देतात. हे पुन्हा पाप, की गुलामांचं देणं आता कुठे फेडायला सुरुवात? दुसरं प्रकरण इथून सुरू करा.