चित्रातल्या मनोऱ्याला भोकेच नाहीत

शालेय रसायनाच्या पुस्तकांत प्रभाजी ऊर्ध्वपातनाचे एक ठरलेले चित्र असते. उंच मनोरा, आत आडव्या रेघा आणि बाजूला पेट्रोल, रॉकेल, डिझेल ही नावे. वर थंड, खाली गरम, एवढे ते बरोबर सांगते. विद्यार्थी नावे क्रमाने पाठ करतो आणि गुण मिळवतो. आमचा आक्षेप आहे तो त्या आडव्या रेघांबद्दल. त्या कशाच्या, हे चित्र सांगत नाही. आणि मनोऱ्याचे खरे काम तर तेथेच चालते.

अनेक मनोऱ्यांत ती रेघ म्हणजे भोके पाडलेला धातूचा पत्रा, सच्छिद्र ट्रे असतो. ट्रेच्या कडेला साधारण ५ सेंटिमीटर उंचीचा बांध असतो. त्याने अडवलेल्या द्रवातून खालची वाफ बुडबुडत वर जाते, तर बांधावरून सांडलेला द्रव बाजूच्या वाटेने खालच्या ट्रेवर उतरतो. प्रत्येक ट्रेवर लवकर उकळणारा घटक वाफेत वाढतो, उशिरा उकळणारा द्रवात.

मग द्रव भोकांतून गळत कसा नाही? मोदकपात्राच्या चाळणीतून वाफ वर जाते, तसे थेंब खालीही पडतात. मनोऱ्यात मात्र वाफेचा वेग द्रवाला तोलून धरतो. वेग कमी पडला तर ट्रे गळतो. फार वाढला तर द्रव वर ढकलला जाऊन मनोरा तुंबतो. भोके केवढी आणि किती, हे या दोन टोकांमध्ये ठरवायचे असते. एक मीटर व्यासाच्या ट्रेचा दहावा हिस्सा ५ मिलिमीटर व्यासाच्या भोकांना दिला, तर भोके होतात ४०००. हे गणित नववीच्या वर्गातही करता येईल.

धडा खनिज तेलापासूनच का सुरू व्हावा? फैजपूरच्या मुलांना तेलशुद्धीकरण कारखाना दूरचा. मधुकर सहकारी साखर कारखान्याचे नाव मात्र घरचे. साखर काढल्यावर उरलेली मळी, म्हणजे मोलॅसिस, आंबवली की सुमारे ८ ते १० टक्के अल्कोहोलचे द्रावण मिळते. ते असल्याच मनोऱ्यांतून ९५ टक्क्यांच्या आसपास नेतात. एनिअस कॉफीने १८३० साली पेटंट घेतलेल्या मनोऱ्यातही भोकांचे पत्रे होते.

पुढे कितीही ट्रे वाढवले तरी साध्या दाबाखाली वजनाने ९५.६ टक्क्यांच्या वर जाता येत नाही, कारण तेथे वाफ आणि द्रव यांचे प्रमाण एकच होते. ट्रेचे काम समजलेला विद्यार्थी हे ऐकून ‘असे का?’ म्हणेल. नुसती नावे पाठ केलेल्याला हा प्रश्नच पडणार नाही. शिक्षकांनी फळ्यावर त्या रेघा निदान तुटक काढाव्यात.