पाटी नसलेला नियम : बंद पडलेल्या एका पार्कच्या आठवणी वाचताना

मागच्या उन्हाळ्यात मुलीकडे मेरीलँडला होते. एका रविवारी ती आम्हाला ग्लेन एको पार्कला घेऊन गेली. वॉशिंग्टनला लागून, पोटोमॅक नदीच्या काठावर हे ठिकाण आहे. १९६८ सालापर्यंत इथे अम्युझमेंट पार्क होतं. आता रोलरकोस्टर नाही, पोहण्याचा तलाव नाही. जुन्या इमारतींत नृत्याचे, मातीकामाचे वर्ग चालतात. एकच जुना खेळ अजून फिरतो : १९२१ साली डेंट्झेल कंपनीने बनवलेलं मेरी-गो-राउंड. त्यावर लाकडात कोरलेले ५२ प्राणी आहेत. चाळीस घोडे, चार ससे, चार शहामृग, आणि जिराफ, हरीण, सिंह, वाघ प्रत्येकी एक. नातीने ससा निवडला. मी बाहेरच्या बाकावर बसले.

शेजारी माझ्याच वयाच्या एक गोऱ्या बाई होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, लहानपणी आम्ही ट्रॉलीने यायचो, उन्हाळ्यात सगळे इथेच असायचे. बोलताना त्यांचा चेहरा उजळला होता. निघताना मी माहितीफलक वाचला. १९६१ सालापर्यंत या पार्कमध्ये कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. बाई खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या आठवणीत खरोखरच सगळे होते. अडचण 'सगळे' या शब्दाची होती, आणि ती अडचण माझ्या ओळखीची होती. कशी, ते शेवटी सांगते.

१

बंद पडलेल्या पार्कच्या आठवणी हा अमेरिकेत जवळजवळ स्वतंत्र लेखनप्रकार झाला आहे. स्थानिक इतिहासाची पुस्तकं, छायाचित्रांचे संग्रह, वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्या यांतून तो भेटत राहतो. ग्लेन एको, बॉल्टिमोरचं ग्विन ओक, न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरचं स्टीपलचेस अशी नावं बदलतात, पण मांडणी फारशी बदलत नाही. आधी तिथे जाण्याचा प्रवास, मग वास, मग वाद्याचा आवाज, मग पहिल्यांदा रोलरकोस्टरवर बसल्याची भीती, मग तरुणपणीचं नृत्य, आणि शेवटी कुलूप. आपल्याकडे जत्रेवरचा ललित लेखही याच वाटेने जातो. गोडीशेवेचा वास, पिपाणीचा आवाज, आकाशपाळण्यात पोटात पडलेला खड्डा, आणि शेवटी 'आता ती जत्रा राहिली नाही.'

ग्लेन एकोपाशी आठवण्यासारखं पुष्कळ होतं. १८९१ साली लोकशिक्षणाच्या शॉटॉक्वा चळवळीचं केंद्र म्हणून त्याची सुरुवात झाली. तो प्रयोग लवकरच संपला आणि तिथे करमणुकीचं पार्क उभं राहिलं. १९११ मध्ये ते वॉशिंग्टनच्या ट्रॉली कंपनीने घेतलं. त्या काळी अमेरिकेत अशी पार्क बहुतेक शहरांजवळ होती. ट्रॉलीच्या मार्गाच्या टोकाला पार्क काढलं की सुटीच्या दिवशीही गाड्या भरून धावत, हा त्यामागचा हिशेब. १९३१ मध्ये इथे 'क्रिस्टल पूल' झाला. एका वेळी ३,००० माणसं मावतील एवढा तलाव, आणि काठाला समुद्रकिनाऱ्यासारखी वाळू. १९३३ मध्ये 'स्पॅनिश बॉलरूम' आला. मेरी-गो-राउंडला १९२६ चा वुर्लिट्झर ऑर्गन आहे, तो आजही वाजतो. या आठवणी मला पोकळ वाटत नाहीत. श्रमाच्या आठवड्यातून एक दिवस सुटलेल्या माणसांचा तो आनंद होता.

प्रश्न पुढचा आहे. या लेखनात तलावाच्या वाळूचा स्पर्श येतो, तिकिटाचे पैसे येतात, आणि कोणाला आत घेत नव्हते ही गोष्ट मात्र येत नाही. आली तरी 'तेव्हाचा काळच तसा होता' एवढ्या एका वाक्यापुरती. असं का होतं?

२

याचं उत्तर मला एका न्यायालयीन निकालात सापडलं. ३० जून १९६० रोजी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा गट ग्लेन एकोला आला. त्यांच्यातले पाचजण मेरी-गो-राउंडवर जाऊन बसले. त्यांच्याजवळ तिकिटं होती. ती इतरांनी काढून त्यांना दिली होती. सुरक्षारक्षकाने त्यांना उतरायला सांगितलं. ते उतरले नाहीत. पाचांनाही अनधिकृत प्रवेशाबद्दल अटक झाली. त्याच दिवशी गटाचा म्होरक्या लॉरेन्स हेन्री याला रक्षकाने त्याचा वंश विचारला, तेव्हा त्याने मानववंश असं उत्तर दिलं. (आपल्याकडे हाच प्रश्न 'आडनाव काय?' असा विचारतात.)

खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २२ जून १९६४ रोजी 'ग्रिफिन विरुद्ध मेरीलँड' या निकालाने त्यांची शिक्षा रद्द झाली. पार्कच्या रक्षकाला शासनाने पोलीस अधिकार दिले होते, तेव्हा त्याची कृती ही शासनाचीच कृती ठरते, एवढाच त्याचा कायदेशीर आधार. माझं लक्ष वेधलं ते निकालात नोंदलेल्या वस्तुस्थितीने. या पार्कच्या जाहिराती वॉशिंग्टन परिसरात सर्वत्र होत होत्या. त्यांत वंशाचा उल्लेख नव्हता. आत जायला प्रवेशतिकीट लागत नव्हतं. तिकीट फक्त खेळांचं. पाटी कुठेच नव्हती.

म्हणजे नियम होता, पण लिहिलेला नव्हता. ज्याला तो अडवत नव्हता त्याला तो दिसण्याचं कारणच नव्हतं. एखादं गोरं मूल पंधरा उन्हाळे तिथे आलं असेल आणि त्याला हा नियम एकदाही आडवा आला नसेल. मग त्याच्या आठवणीत तो यायचा कुठून? स्मृती खोटं बोलते असं आपण सहज म्हणतो. इथे ती खोटं बोलत नाही. तिला जे कधी दिसलंच नाही ते ती सांगू शकत नाही. म्हणून अशा आठवणी तपासताना खरं-खोटं करून भागत नाही. ही आठवण जिथून दिसते ती जागा कोणती, हे विचारावं लागतं.

ती जागा बदलता येते, याचाही पुरावा याच पार्कमध्ये आहे. त्या उन्हाळ्यात विद्यार्थ्यांनी फाटकासमोर निदर्शनं चालू ठेवली, तेव्हा जवळच्या बॅनॉकबर्न वसाहतीतले गोरे रहिवासी मुलाबाळांसह त्यांच्यात सामील झाले. समोरच्या बाजूला अमेरिकन नाझी पक्षाचे लोक फलक घेऊन उभे राहिले. १९६१ च्या हंगामात पार्क सर्वांना खुलं झालं. बॅनॉकबर्नच्या ज्या मुलांना त्या उन्हाळ्यात आत जायचं नाही असं घरी सांगितलं असेल, त्यांच्या आठवणीतलं ग्लेन एको निराळं असणार. इलाना ट्राक्टमन यांच्या २०२४ मधल्या माहितीपटाने या सत्याग्रहाची आणि त्यात उतरलेल्या माणसांची गोष्ट सांगितली आहे.

३

स्मरणरंजनाचा दुसरा दोष जास्त गंभीर आहे, आणि तो शेवटच्या भागात, कुलपाच्या गोष्टीत लपतो. ११ एप्रिल १९६६, ईस्टरनंतरचा सोमवार. वॉशिंग्टनहून कृष्णवर्णीय मुलं मोठ्या संख्येने ग्लेन एकोला आली होती. पार्क वेळेआधी बंद करण्यात आलं आणि परतायला बस मिळेना. अनेकांना पायी शहर गाठावं लागलं. वाटेत तोडफोड झाली. दोन वर्षांनी १९६८ चा हंगाम अखेरचा ठरला. या दोन घटना शेजारी ठेवल्या की आठवणीचा शेवट आपोआप तयार होतो : 'ते' येईपर्यंत सगळं छान चाललं होतं.

इतिहासकार व्हिक्टोरिया वॉलकॉट यांनी 'रेस, रायट्स अँड रोलर कोस्टर्स' (२०१२) या पुस्तकात अमेरिकेतल्या अशा अनेक पार्कांचा आणि तलावांचा अभ्यास केला आहे. करमणुकीच्या जागांसाठीचा हा झगडा किती लांब आणि हिंसक होता हे त्यात वाचायला मिळतं. ते वाचल्यावर जुन्या पार्कबद्दलचा हळवेपणा कोणती गोष्ट झाकतो हे दिसू लागतं. पार्क बंद पडण्याची कारणं अनेक होती. ट्रॉली गेल्या, मोटारी आल्या, माणसं उपनगरांत पसरली. १९५५ मध्ये डिस्नेलँड उघडलं आणि शहरापासून दूर, मोटारीने जायचं, फाटकावरच तिकीट घेणारं नवं पार्क रूढ झालं. यातलं एकही कारण हुरहुरीला सोयीचं नाही, कारण ट्रॉली सोडून मोटार घेणारे आपणच असतो. दोष दुसऱ्यावर टाकला की हुरहूर शुद्ध राहते.

स्वेतलाना बॉइम यांनी 'द फ्यूचर ऑफ नॉस्टॅल्जिया' (२००१) मध्ये हुरहुरीचे दोन प्रकार केले आहेत. एक हरवलेलं घर जसंच्या तसं पुन्हा बांधू पाहते. दुसरी त्या हरवण्यापाशी थांबते, विचार करते, प्रसंगी स्वतःला हसते. ही वाटणी उपयोगी आहे, पण आपला मराठी शब्द मला अधिक बोलका वाटतो. १६८८ साली योहानेस होफरने 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द एका आजारासाठी घडवला. त्यात वेदना आहे. 'स्मरणरंजन' या शब्दात वेदना नाही, रंजन आहे. स्मरणाचंच आपण एक पार्क केलं आहे, हे तो शब्द कबूल करतो. मग त्या पार्कमध्ये कोणाला घेतलं, हा प्रश्न ओघानेच येतो.

४

या लेखनाला एक उलट परंपराही आहे : जिथे जाताच आलं नाही त्या पार्कबद्दलच्या लेखनाची. लँग्स्टन ह्यूज यांची 'मेरी-गो-राउंड' ही छोटी कविता 'शेक्सपिअर इन हार्लेम' (१९४२) या संग्रहात आहे. दक्षिणेतून आलेलं एक कृष्णवर्णीय मूल जत्रेत उभं आहे. रेल्वेत आपला डबा वेगळा, बसमध्ये आपली जागा मागे, हे त्याला पाठ आहे. पण समोरचं चक्र गोल आहे आणि त्यात आपली जागा कोणती हे त्याला उमगत नाही. मूल तक्रार करत नाही. ते नियम पाळायलाच निघालं आहे, आणि म्हणून वाचणाऱ्याला बोलायला जागा उरत नाही.

दुसरं उदाहरण मार्टिन ल्यूथर किंग यांच्या एप्रिल १९६३ मधल्या बर्मिंगहॅम तुरुंगातल्या पत्राचं. 'थांबा' म्हणणाऱ्यांना उत्तर देताना त्यांनी सुमारे तीनशे शब्दांचं एकच वाक्य लिहिलं. त्यात झुंडीने घेतलेले बळी आहेत, पोलिसांचा क्रूरपणा आहे, दारिद्र्य आहे; आणि त्यांच्याच रांगेत सहा वर्षांची मुलगी आहे, जिने दूरचित्रवाणीवर 'फनटाउन' या पार्कची जाहिरात पाहिली आणि वडिलांना विचारलं, आपण का जाऊ शकत नाही? खुनांच्या यादीत पार्क बसवणं कोणाला अतिशयोक्त वाटेल. मला ते पत्रातलं सर्वांत अचूक निरीक्षण वाटतं. अन्याय मुलाला पहिल्यांदा कळतो तो मतदानपेटीपाशी नव्हे, खेळापाशी. आणि इथेही जाहिरात सर्वांना बोलावत होती.

२८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये किंग यांचं प्रसिद्ध भाषण झालं. शेकडो निदर्शकांच्या अटकेनंतर बॉल्टिमोरचं ग्विन ओक पार्क त्याच दिवशी सर्वांना खुलं झालं, आणि शॅरन लँगली ही अकरा महिन्यांची मुलगी तिथल्या मेरी-गो-राउंडवर बसली. १९७२ च्या वादळी पुरानंतर ते पार्क संपलं. मेरी-गो-राउंड मात्र पुढे वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर आणून बसवण्यात आलं.

५

आता माझी गोष्ट. वीसेक वर्षांपूर्वी मी आमच्या सातारा जिल्ह्यातल्या गावच्या यात्रेवर एक लेख लिहिला होता. चैत्रातला छबिना, गुलाल-खोबऱ्याची उधळण, कुस्त्यांचा फड, रात्रीचा तमाशा. त्यात एक वाक्य होतं : 'पालखी सगळ्या गावातून फिरायची.' लेख आवडल्याची बरीच पत्रं आली. एक पत्र वेगळं होतं. लिहिणारे गृहस्थ आमच्याच गावचे, वयाने माझ्याहून थोडे मोठे. त्यांनी लिहिलं होतं : 'ताई, लेख छान आहे. पण पालखी आमच्या वाड्यात कधी आली नाही. आम्ही ओढ्यापलीकडून दिवट्या बघायचो. तुम्हाला माहीत नसावं.'

रागाचा एक शब्द नव्हता. मला खरोखरच माहीत नव्हतं, आणि तीच लाज होती. आमच्या गावातही पाटी नव्हती. मी पत्राला उत्तर लिहायला घेतलं, दोनदा फाडलं, आणि शेवटी पाठवलंच नाही.

दया पवारांचं 'बलुतं' (१९७८) मी तोवर वर्गात अनेक वर्षं शिकवलं होतं. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो, या रचनेवर मी तासन्‌तास बोलले असेन. त्या पत्रानंतर ते पुन्हा वाचलं तेव्हा ध्यानात आलं, की दगडूलाही गावाची ओढ आहे, तमाशाचं वेड आहे. हुरहूर केवळ आत असणाऱ्यांचीच असते हा माझा समज चुकीचा होता. फरक असा, की त्याच्या आठवणीत रंग आहे तसा नियमही आहे. ग्रामीण स्मरणरंजनाला मराठीत दलित आत्मकथनांनी जे उत्तर दिलं, ते 'तुमच्या आठवणी खोट्या' असं नव्हतं. 'आम्हीही तिथेच होतो' असं होतं. आणि हे उत्तर अधिक अवघड आहे, कारण ते नाकारता येत नाही.

ग्लेन एको बंद पडल्यावर ते मेरी-गो-राउंड विकलं गेलं होतं. आसपासच्या लोकांनी ८०,००० डॉलर जमवून ते परत विकत घेतलं. पुढे वर्षानुवर्षं खपून त्याचा मूळ रंग उजळण्यात आला. आज तिथे आठवण आणि माहितीफलक शेजारीशेजारी आहेत. फलकामुळे ऑर्गनचा आवाज बिघडत नाही, हे मी स्वतः ऐकलं. नात सशावरून उतरली आणि आणखी एक फेरी म्हणाली. तिच्या पुढच्या घोड्यावर एक कृष्णवर्णीय मुलगा होता, मागे एक चिनी मुलगी. तिला यात काही विशेष वाटायचं कारण नव्हतं. ती मोठी झाल्यावर 'तिथे सगळे असायचे' असं म्हणेल, आणि ते बरोबर असेल.

माझा यात्रेवरचा लेख आता एका संग्रहात यायचा आहे. मुद्रितं समोर आहेत. ते वाक्य मी काढलेलं नाही. त्याखाली ओढ्यापलीकडच्या दिवट्यांचं वाक्य घातलं आहे, आणि ते कोणी सांगितलं तेही. पत्राचं उत्तर वीस वर्षं उशिरा चाललं आहे. ते वाचायला गृहस्थ आहेत की नाहीत, याची गावाकडे चौकशी करते आहे.